फुटबॉल, जाळी आणि जॅकवेल

नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याला ‘फुटबॉल गेलाय का?’ असं विचारलं, तर तो मैदानाकडे बघत नाही, विहिरीकडे बघतो. मोटारीपासून पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाला बिडाचा एक जड गोळा असतो. खालच्या अंगाला भोकं, आत चामड्याची नाहीतर रबराची चकती. इंग्रजीत तो ‘फूट व्हॉल्व’, म्हणजे पाइपाच्या पायाशी बसणारी झडप. व्हॉल्वचा आपल्याकडे ‘वॉल’ झाला आणि बोलता बोलता ‘फूटवॉल’चा फुटबॉल. शेतीसामानाच्या दुकानात हाच शब्द चालतो. गावातल्या पोरांना हा फुटबॉल आधी माहीत होतो, खेळायचा नंतर.

या गोळ्याकडे दोन कामं आहेत. भोकांतून पाणी आत घ्यायचं, पण काडी, पाला, बेडूक आणि खडा बाहेर ठेवायचा. आणि एकदा वर चढलेलं पाणी मोटार बंद झाल्यावर परत विहिरीत जाऊ द्यायचं नाही. मोटार चालू असली की चकती उचलली जाते, बंद झाली की वरच्या पाण्याच्या वजनाने खाली बसते. एवढंच यंत्र. पण त्या चकतीखाली बोरीचा एक काटा अडकला, तरी रात्रभरात पाइप रिकामा होतो.

रिकामा पाइप ही किरकोळ गोष्ट नाही. आपल्याकडे शेतीची लाईट बरेचदा रात्री येते. कोण उठून जाणार, म्हणून लोक ‘ऑटो’ लावून ठेवतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. फुटबॉल गळका असेल तर मोटारीच्या पोटात पाण्याऐवजी हवा असते. पंखा फिरत राहतो, पाणी येत नाही. पंपाच्या आतल्या सीलला थंडावा द्यायला आणि वंगण म्हणून पाणीच लागतं. ते नसलं की सील जळतं, पंप तापतो. सकाळी माणूस जातो तेव्हा दांड कोरडा आणि शेडमध्ये जळका वास. काटा काही पैशांचाही नव्हता, दुरुस्ती हजारांत.

पण पाइपात हवा असली तर मोटार पाणी का ओढू शकत नाही? याचं उत्तर असं, की मोटार पाणी ओढतच नाही. जगातला कोणताच पंप ओढत नाही. ‘सक्शन’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे. पंपाचा पंखा फिरतो, आपल्या पोटातलं पाणी बाहेर फेकतो आणि तिथला दाब कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर मात्र हवेचं ओझं बसलेलंच असतं. ते ओझं पाण्याला पाइपात वर ढकलतं. मोटार फक्त वाट मोकळी करते, काम हवा करते. पंख्याच्या पोटात हवा असली तर हवा इतकी हलकी की ती फेकून दाब पुरेसा उतरत नाही. म्हणून मोटार सुरू करण्याआधी वरून बादलीने पाणी ओतून पाइप भरावा लागतो. सांध्यातून हवा शिरत असेल तर जुनी माणसं तिथे काळी माती किंवा शेण थापतात. ‘मोटार हवा धरती’ या तक्रारीवर तो तात्पुरता पण अगदी शास्त्रशुद्ध इलाज आहे.

हवा ढकलते म्हटल्यावर तिच्या ताकदीला मर्यादा आली. ही मर्यादा पहिल्यांदा खाणी-विहिरींवरच्या कारागिरांना कळली. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या पुस्तकात तिची नोंद केली आहे: साधारण अठरा हातांपलीकडे पंपाला पाणी चढत नाही. त्याचं कारण मात्र त्याने चुकीचं दिलं. दोरी स्वतःच्या वजनाने तुटावी तसा पाण्याचा खांब तुटतो, असं त्याला वाटलं. त्याच्या मागून आलेल्या टॉरिचेलीने १६४३ मध्ये पाण्याऐवजी पारा घेतला. तो ७६ सेंटीमीटरवर थांबला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून हाच आकडा पाण्याला १०.३ मीटर येतो. समुद्रसपाटीला हवेची ढकलण्याची ताकद तेवढी, त्याहून वीतभरही जास्त नाही. दहा अश्वशक्तीची मोटार लावा नाहीतर शंभराची.

लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंच आहे. तिथे हवा थोडी विरळ, म्हणून हा आकडा ९.६ मीटरच्या आसपास उतरतो. त्यातून पाण्याची स्वतःची वाफ काही हिस्सा खाते, पाइपाचं आणि फुटबॉलचं घर्षण काही खातं. हातात उरतात सहा-सात मीटर, वीस-बावीस फूट. विहीर साठ फूट खोल असेल तर मोटार काठावर ठेवून भागत नाही, तिला आत कट्ट्यावर उतरवावं लागतं, ते यासाठी. याच अडचणीवर ‘पाणबुडी’ मोटारीने तोड काढली. ती स्वतःच पाण्यात जाऊन बसते आणि पाणी वर ढकलते. ढकलण्याला ही मर्यादा नाही. पाचशे फूट बोअरमधून पाणी वर येतं ते त्यामुळे. (मराठवाड्याच्या भूजलाचं त्यातून जे झालं तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

फुटबॉलच्या जाळीचंही एक गणित आहे. तीन इंची पाइपातून सेकंदाला दहा लिटर पाणी जात असेल, तर ते सेकंदाला दोन मीटरहून थोड्या जास्त वेगाने धावतं. जाळीच्या सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ पाइपाएवढंच ठेवलं, तर भोकांपाशीही वेग तोच राहील आणि तेवढ्या वेगाला पाला, चिंध्या, शेवाळ सगळं येऊन चिकटेल. म्हणून भोकांचं क्षेत्रफळ पाइपाच्या दोन-चार पट ठेवतात. चौपट भोकं, पाव वेग. पाणी हळू शिरलं की कचरा जागच्या जागी राहतो. अमेरिकेत वीजकेंद्रं नदीतून पाणी घेताना मासे जाळीवर चेंगरू नयेत म्हणून जाळीपाशी सेकंदाला अर्धा फूट वेगाची मर्यादा वापरतात. त्यापेक्षा हळू ओढीतून बहुतेक मासा पोहून सुटतो. जाळी कचऱ्याने निम्मी बुजली की उरलेल्या भोकांत वेग दुप्पट होतो, म्हणजे आणखी कचरा येतो. तुंबणं सावकाश सुरू होतं आणि भराभर संपतं.

आता हाच फुटबॉल बोटीच्या बुडाला लावून बघू. आपल्याकडे समुद्र नाही हे खरं. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात गावांना पुराने वेढा दिला, तेव्हा बचाव पथकांच्या बोटी मराठवाड्याने पाहिल्या. अशा बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनातून पाण्याची बारीक पिचकारी सतत उडत असते. ती गळती नव्हे. चालवणाऱ्याची नजर तिच्यावर असते आणि ती थांबली की तो इंजिन बंद करतो.

कारण असं. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कामी येते, एक तृतीयांश धुरावाटे जाते आणि उरलेली उष्णता थंडाव्याच्या पाण्याला वाहून न्यावी लागते. ट्रॅक्टरला त्यासाठी समोर रेडिएटर असतो, त्यातून वारा जातो. बोटीला रेडिएटर कशाला? ती तर थंड पाण्यातच उभी. इंजिनाच्या पाण्यात बुडालेल्या भागाला चिरा असतात. तिथून नदीचं पाणी आत घेतलं जातं, ते इंजिनाभोवती फिरतं आणि बाहेर पडतं. त्याच पाण्याची एक धार दिसेल अशी वर सोडलेली असते. पुराच्या पाण्यात कडबा, प्लास्टिकची पोती, गाळ. चिरा बुजल्या की पिचकारी बंद.

कोकणात किंवा गोव्यात मोठ्या बोटींचं इंजिन आत, पोटात असतं. तिथे पाणी घ्यायला बोटीच्या बुडाला मुद्दाम भोक पाडावं लागतं. बोटीच्या तळाला भोक ही कल्पनाच आपल्याला दचकवणारी. हिशेब केला तर दचकणं बरोबरच आहे. पाण्याखाली एक मीटरवर इंचभर व्यासाचं भोक उघडं राहिलं, तर मिनिटाला ऐंशी लिटरच्या घरात पाणी आत येतं. तासाला पाच हजार लिटर, आपल्या भाषेत अर्धा टँकर. म्हणून त्या भोकात जे बसवतात ते फार विचाराने बसवतात. बाहेरून जाळी किंवा पुढे तोंड केलेलं सुपासारखं झाकण, म्हणजे बोट चालली की पाणी आपोआप आत रेटलं जातं. आतून लगेच एक झडप, दांडा पाव फेरा फिरवला की बंद. मग नळी, मग काचेची किंवा पारदर्शक झाकणाची गाळणी, मग पंप. जाणती मंडळी झडपेशेजारी लाकडाची निमुळती खुंटी सुतळीने बांधून ठेवतात. झडप तुटलीच तर ती भोकात ठोकायची, लाकूड फुगून घट्ट बसतं.

धातू कोणता, हाही प्रश्न तिथे जिवाचा. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा ठिसूळ, सच्छिद्र सांगाडा उरतो. दिसायला नळ तसाच, फक्त थोडा लालसर. हातोडीने टिचकी मारली तर तुकडा पडतो. म्हणून समुद्रातल्या बोटीला काशाच्या घराण्यातला, तांबं-कथलाचा धातू वापरतात, किंवा खास प्लास्टिक. शिवाय खाऱ्या पाण्यात कालवांसारखे कवचाचे जीव भोकाच्या आत घर करतात आणि वर्षभरात ते अरुंद करून टाकतात. गोदावरीत हा त्रास नाही. तिथे जलपर्णी आहे.

नांदेडच्या गोदावरीत बोटींची आणखी एक जात आहे, जिच्याबद्दल वर्तमानपत्रात दर महिन्याला छापून येतं: वाळूवाल्यांच्या इंजिनबोटी. महसूलची पथकं तराफे जाळतात, इंजिनं फोडतात, काही दिवसांनी दुसरी उभी राहतात. यांत्रिक दृष्टीने ही बोट म्हणजे आपल्या फुटबॉलची उलटी प्रतिमा. पाण्याच्या पंपाला वाळू नको असते. वाळूच्या पंपाला वाळूच हवी, पाणी केवळ वाहून आणायला. म्हणून त्याच्या तोंडाला जाळी जवळपास नसतेच, ते थेट तळाला टेकवतात. त्याचा पंखा लवकर झिजतो. मालकाला त्याची फिकीर नसते, कारण पंख्यापेक्षा वाळू महाग आहे.

आणि गंमत अशी, की तीच वाळू नदीची सगळ्यात जुनी जाळी होती. उन्हाळ्यात नदी आटली की बायका पात्रात झिरा खांदायच्या. हातभर खड्डा, त्यात हळूहळू जमणारं नितळ पाणी, वाटीने घागरीत भरायचं. बाजूच्या डबक्यात म्हशी बसलेल्या आणि झिऱ्यातलं पाणी मात्र स्वच्छ, कारण ते फूट-फूट वाळूतून गाळून आलेलं. अभियंते हेच तत्त्व मोठ्या मापात वापरतात. नदीपात्रात वाळूखाली भोकं पाडलेले पाइप पुरून ते काठच्या विहिरीला जोडतात. तिथे कचरा नाही, जलपर्णी नाही, पुराचा गाळही फारसा नाही. वाळू काढून नेली की उरतो खडक आणि चिखल, आणि चिखलातून काही झिरपत नाही.

शहराला मात्र झिऱ्याने भागत नाही. नांदेडची भिस्त गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पावर. असर्जनजवळचा हा बंधारा शंकरराव चव्हाणांच्या नावाने ओळखला जातो, जलाशयाला शंकरसागर म्हणतात. मावणारं पाणी सुमारे ८० दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी. प्रकल्प मुळात उपसा सिंचनाचा: नदी खाली, लोहा-कंधारकडची रानं वर, म्हणून पंपांनी पाणी उचलून कालव्यात टाकायचं. शहराचं पाणीही याच जलाशयातून, कोटितीर्थच्या पंपगृहातून जातं. उन्हाळ्यात ‘विष्णुपुरीत एवढेच दलघमी’ ही बातमी नांदेडकर जितक्या बारकाईने वाचतो, तितकी दुसरी कुठली वाचत असेल असं वाटत नाही.

अशा ठिकाणी फुटबॉलची जागा जॅकवेल घेते. पाण्यात किंवा काठाशी बांधलेली काँक्रीटची खोल विहीर. तिच्या भिंतीत, किंवा नदीत पुढे बांधलेल्या वेगळ्या बुरुजात, दारं असतात. बाहेर जाड गजांची जाळी. दारातून पाणी आपल्या पायांनी विहिरीत येतं आणि जलाशयाच्या पातळीला उभं राहतं. मोटारी वर, पुरालाही पोहोचणार नाहीत अशा उंचीवर. पंखे मात्र लांब उभ्या दांड्याच्या टोकाला खाली पाण्यात बुडालेले. म्हणजे इथेही ओढणं नाही, पाणबुडीसारखं ढकलणंच.

चांगल्या बुरुजाला दारं वेगवेगळ्या उंचीवर ठेवतात, त्याला कारण आहे. धरणातलं पाणी सगळीकडे सारखं नसतं. पुरात खालच्या थरात गाळ जास्त. उन्हाळ्यात वरचा थर तापलेला, शेवाळाने हिरवट. तळाला उजेड नाही, हवा पोहोचत नाही, कुजण्यात प्राणवायू संपतो. तिथून घेतलेल्या पाण्यात लोह-मँगनीज उतरतं आणि नळाला तांबूस, उग्र वासाचं पाणी येतं. नळाला वास आला की आपण क्लोरीनच्या नावाने बोटं मोडतो. बरेचदा दोष पाणी कोणत्या उंचीवरून घेतलं याचा असतो.

दार पाण्याखाली पुरेसं खोल हवं, हेही तितकंच महत्त्वाचं. न्हाणीघरातली मोरी रिकामी होताना शेवटी भोवरा धरते आणि घोगरा आवाज करते, तेच पंपाच्या तोंडाशी होतं. पाणी उथळ झालं की भोवरा पडतो, त्याच्या पोटातून हवा खाली उतरते. हवेचा घोट गेला की पंप थरथरतो. आणि हवा नसली, नुसता दाब फार उतरला, तरी पाणी पंख्यापाशी गारच उकळतं. वाफेचे बारीक बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढताच फुटतात. पंपात मूठभर खडे टाकल्यासारखा आवाज येतो. त्या फुटण्याने बिडाच्या पंख्यालाही वाळवी लागल्यासारखे खळगे पडतात.

आता ‘मृतसाठा’ हा शब्द उलगडतो. ते पाणी मेलेलं नसतं. सगळ्यात खालच्या दारापेक्षा खाली असल्याने आपल्या वाटेने ते बाहेर येऊ शकत नाही, एवढंच. धनेगावच्या मांजरा धरणात मावणारं पाणी सुमारे २२४ दलघमी, त्यातलं ४७ मृतसाठ्याचं. जायकवाडीत मृतसाठाच ७३८ दलघमी, म्हणजे मांजरा धरण तीनदा भरून उरेल एवढा. आकडा शून्य टक्के छापून येतो तेव्हा धरणात पाणी दिसत असतं, आणि लोक विचारतात, मग पाणी नाही कसं? पाणी आहे, दार वर राहिलं आहे. मग तराफ्यावर पंप बसवतात, ते पातळीबरोबर खाली उतरतात. नाहीतर जॅकवेलपर्यंत चर खोदतात. हे पाणी तळाचं, गाळाचं. शुद्धीकरण केंद्राला तुरटी जास्त लागते.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला हेही उपाय संपले. मांजरा कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. मग पाणी घेण्याची जागाच हलवली गेली, ती थेट मिरजेला, कृष्णेवर. राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात टाकीच्या वाघिणी वाफेने धुऊन आणल्या. रेल्वेने कृष्णेचं पाणी आपल्या जॅकवेलमधून उचललं आणि मिरज स्थानकात त्या भरल्या. पहिली दहा वाघिणींची गाडी पाच लाख लिटर घेऊन १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींची झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभराहून जास्त खेपा झाल्या. लातूरला गाडी आली की पाणी स्थानकाजवळच्या एका विहिरीत सोडायचे, तिथून उपसून शुद्धीकरणाला. गाडीचे फोटो देशभर छापून आले. त्या विहिरीचा आणि कृष्णेतल्या जॅकवेलचा फोटो कुणी काढल्याचं मला आठवत नाही. साडेतीनशे किलोमीटर रुळांच्या दोन टोकांना मात्र तीच दोन होती.

शेतकऱ्याचं बरं असतं, त्याला आपलं दार हलवता येतं. फाल्गुनात पाणी उतरलं की पाइपाला एक तुकडा जोडून फुटबॉल खाली सोडायचा. चैत्रात तेही पुरत नाही, हवेची वीस-बावीस फुटांची ताकद संपते. मग मोटारच एक कट्टा खाली उतरवायची. वैशाखात ती कधी कधी दोराला बांधलेल्या फळीवर, तळापासून पुरुषभर उंचीवर लटकत असते, आणि फुटबॉल चिखलात जाऊ नये म्हणून त्याच्याखाली पाटी ठेवलेली असते. मग मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्री कोसळतो. ओढ्याचं पाणी विहिरीत शिरायला लागतं. गावात बॅटऱ्या चमकू लागतात, चार माणसं दोराला लागलेली, पाचवा खाली उतरून नटबोल्ट सोडतोय आणि वरून कुणीतरी ओरडतंय, पाइप जाऊ दे, फुटबॉल जाऊ दे, आधी मोटार वर घे.